व्यसनमुक्तीची संगत : दवाखान्याबाहेरचा उपचार

बालरोगतज्ज्ञाने व्यसनमुक्तीवर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल. हा विषय मानसोपचारतज्ज्ञांचा, फार तर फिजिशियनचा, अशी आपली रूढ समजूत आहे. परंतु पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात ज्याने वर्षानुवर्षे मुले तपासली आहेत, त्याला हा विषय टाळता येत नाही. मद्यपी बाप स्वतःसाठी डॉक्टरकडे येत नाही. त्याचे मूल मात्र येते. वारंवार पोट दुखते, सोनोग्राफी निर्दोष असते. आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरुणात लघवी करू लागतो. लसीकरणाचा डोस तीन महिने उशिरा होतो आणि विचारले असता आई खाली पाहते. धुळे, नंदुरबार, जळगावहून लूम्सवर आणि कापड मार्केटात कामाला आलेली ही आपलीच कुटुंबे आहेत. आजार बापाचा आणि लक्षणे मुलाच्या अंगावर, असे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल.

याला शास्त्रीय आधारही आहे. १९९८ मध्ये फेलिटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात घरातील व्यसन हा एक प्रमुख अनुभव मानला होता. चार किंवा अधिक प्रकारचे असे अनुभव ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात पुढे मद्याधीनता, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. म्हणजे बापाच्या व्यसनाचा उपचार हा मुलाचा प्रतिबंधक उपचार ठरतो. लशीइतकाच, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

आता मुख्य प्रश्न. रुग्णालयात दारू सुटते, हे खरे. योग्य औषधे, जीवनसत्त्वे, झोप आणि आहार मिळाला की आठ-दहा दिवसांत शरीर मद्याविना राहू लागते. खरी परीक्षा पुढे असते. तोच कारखाना, तीच बारा तासांची पाळी, तोच पगाराचा दिवस आणि कोपऱ्यावर उभे असलेले तेच मित्र. आपण डिस्चार्ज कार्डावर ‘मद्य टाळावे’ असे लिहितो. त्या दोन शब्दांवर माणसाने रात्री साडेनऊ वाजता, पाळी सुटल्यावर, कसे उभे राहावे? त्या वेळी त्याला औषध नको असते. ‘आज फार ओढ लागली आहे’ हे ज्याला समजावून सांगावे लागत नाही, असा माणूस हवा असतो. असा माणूस म्हणजे स्वतः त्या वाटेने जाऊन परत आलेला दुसरा रुग्ण. स्वमदत गटाचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

या पद्धतीचा जन्म एका डॉक्टरच्या आजारपणात झाला, हे आपल्या व्यवसायबंधूंनी आवर्जून लक्षात ठेवावे. अमेरिकेतील ओहायो राज्यात अॅक्रन या गावी डॉ. बॉब स्मिथ नावाचे शल्यविशारद होते व ते मद्याधीन होते. १९३५ साली शेअरबाजारात काम करणारे बिल विल्सन कामानिमित्त त्या गावी आले. ते नुकतेच दारूतून बाहेर पडले होते आणि पुन्हा पिण्याच्या काठावर उभे होते. आपण वाचायचे तर दुसऱ्या मद्यपीशी बोलले पाहिजे, या जाणिवेने त्यांनी डॉ. बॉब यांना गाठले. येथे कोणी कोणाला उपदेश केला नाही. दोघांनी आपापली कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी अखेरचा प्याला घेतला आणि तो दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे ज्याला सर्वजण ‘ए.ए.’ म्हणतात त्या संघटनेचा, स्थापनादिन मानला जातो. भारतात या गटांचा आरंभ १९५७ साली दिल्लीत झाला. शुल्क नाही, नोंदणी नाही, आडनाव विचारायचे नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. बाहेरच्या देणग्याही हे गट स्वीकारीत नाहीत.

अनेक वर्षे आपण डॉक्टर मंडळी याकडे ‘भजनी मंडळ’ म्हणून पाहत आलो. तो दृष्टिकोन आता बदलावा लागेल. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. वर्षभरानंतर पूर्णतः मद्यमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण या गटांकडे पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांत सुमारे ४२ टक्के, तर इतर मान्यताप्राप्त मानसोपचार घेतलेल्यांत सुमारे ३५ टक्के आढळले. फरक फार मोठा नाही; पण हा ‘उपचार’ फुकट आहे आणि रोज संध्याकाळी उपलब्ध आहे. येथे ‘पद्धतशीरपणे जोडून देणे’ हे शब्द महत्त्वाचे. ‘मीटिंगला जात जा’ असे सांगणे वेगळे आणि आपल्यासमोर फोन लावून गटातल्या माणसाशी बोलणे करून देणे वेगळे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. मुंबईतील ब्राउन शुगरच्या विळख्यावर अवचटांनी केलेले लेखन पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आर्थिक साहाय्याने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे काम उभे राहिले. मला त्यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. नव्याने दाखल झालेला तरुण घामाने भिजून थरथरत असताना त्याच्या उशाशी बसलेला माणूस सांगू शकतो की, काही वर्षांपूर्वी याच खाटेवर मी होतो. कोणत्याही एम.डी.ला हे वाक्य उच्चारता येत नाही! रुग्ण घरी गेल्यावर गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका, आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट, ही रचनाही तेथूनच शिकण्यासारखी आहे. अनिताताई १९९७ मध्ये आणि अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर पुढे नेत आहेत.

सुरतेत मात्र एक निराळी अडचण आहे आणि ती पुण्याच्या माणसाला चटकन समजत नाही. गुजरात राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, येथे दारूबंदी आहे. परवान्याशिवाय मद्यपान हाच गुन्हा आहे. त्यामुळे ‘मी दारू पितो’ हे वाक्य महाराष्ट्रात लाजेचे असेल, पण येथे ते गुन्ह्याच्या कबुलीसारखे वाटते. दारू मिळत नाही असे मात्र नाही. गल्लीत पोटली मिळते. ताप्ती लाइनवर अर्धे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत असलेले नवापूरचे स्टेशन आहे, आणि गावी जाणाऱ्या माणसाची तहान तेथूनच सुरू होते. पोटलीत काय असेल याची खात्री नाही. २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरहून अधिक आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली. कायद्याने विक्रीला आळा बसतो की नाही, या वादात मी शिरत नाही. रुग्ण अधिक खोल दडतो, एवढे मात्र मी रोज पाहतो. बायको डॉक्टरलाही सांगत नाही. नवऱ्याला पोलीस नेतील आणि लूमवरची नोकरी जाईल, ही भीती असते.

ही भीती दूर करणे आपल्या हाती आहे. रुग्णाने सांगितलेली माहिती गुप्त राखणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मद्य व मादक द्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे आणि गुप्ततेचा हक्कही आहे. मादक द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे. हे सारे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे. आणि स्वमदत गटातील ‘अनामिकता’ हे तत्त्व येथे केवळ संकोच दूर करणारे नसून सुरक्षिततेचे आहे, हे गट चालविणाऱ्यांनीही ओळखावे.

म्हणूनच फोनवर भरणाऱ्या बैठका आपल्या भागासाठी वरदान ठरू शकतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत जगभरातील गटांच्या बैठका बंद पडल्या आणि पाहता पाहता त्या व्हिडिओवर भरू लागल्या. टाळेबंदी गेली, पण या बैठका राहिल्या. रात्रपाळीच्या कामगाराला सकाळची बैठक मिळते. हिंदी-गुजरातीत मन मोकळे करता न येणाऱ्या माणसाला पुणे-नाशिककडच्या मराठी गटात बसता येते. अहिराणीत बोलला तरी तेथे कोणी हसत नाही. घराबाहेर पडू न शकणारी स्त्रीही, मग ती रुग्ण असो वा पत्नी, कानाला इअरफोन लावून ऐकू शकते. दहा बाय दहाच्या खोलीत बोलायला एकांत कोठला? एका पालकांनी मला सांगितले की ते उभ्या केलेल्या रिक्षात बसून बैठकीला हजर राहतात.

पण येथेच सावधगिरीचे काही शब्द लिहिणे भाग आहे. सद्हेतूने सुरू केलेले अनेक गट व्हॉट्सअॅपवर चालतात. तेथे प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक आणि बहुधा मुलाबाळांसह काढलेला फोटो सर्वांना दिसतो. नाव विचारायचे नाही हा नियम तेथे पहिल्याच मिनिटाला मोडतो. त्यापेक्षा नुसत्या आवाजाची, टोपणनावाने प्रवेश देणारी बैठक कितीतरी बरी. बोलणे ध्वनिमुद्रित करणे किंवा पडद्याचा फोटो काढणे यावर प्रारंभीच बंदी घालावी. कोणी कामगार पहिल्यांदा धीर करून फोन जोडतो तेव्हा त्याला लांबलचक अर्ज, ओटीपी आणि इंग्रजी सूचना पार कराव्या लागू नयेत. वेळ, भाषा आणि एक क्रमांक एवढेच पुरे. पहिल्या दिवशी गप्प बसण्याचा हक्कही असावा. आणि ‘मोफत सल्ला’ म्हणून सुरू होऊन तिसऱ्या दिवशी खाजगी केंद्राच्या दरपत्रकावर येणाऱ्या गटांपासून दूर राहावे. पैशाचा विषय निघाला की तो स्वमदत गट नव्हे, अशी सोपी कसोटी मी पालकांना सांगतो.

गट हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने बैठकीच्या उत्साहात एकाएकी दारू तोडली तर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, कंप, ताप व घाम अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. अशा रुग्णाला आधी रुग्णालय, आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायामिन. दुसरे म्हणजे, ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून आई-बायको भाजीत पूड मिसळतात. त्यात डायसल्फिरम असेल आणि त्यावर माणूस प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.

मुलांच्या स्वतःच्या व्यसनाविषयी थोडेसेच. एम्सने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले : १.१७ टक्के विरुद्ध ०.५८ टक्के. मदतीची गरज असलेली अशी मुले ४.६ लाख. सोल्यूशन आणि व्हाइटनर किराणा-स्टेशनरीत सहज मिळतात. नाकाभोवतीचा पुरळ आणि कपड्यांचा वास याकडे लक्ष असू द्यावे.

शेवटी पुन्हा घराकडे. ए.ए.च्या पाठोपाठ १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन आणि १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी अॅलाटीन हे गट निर्माण झाले. त्यांची गरज मला एका नऊ वर्षांच्या मुलाने पटवून दिली. वडील काही महिने दारूपासून दूर होते, तरी मुलाची पोटदुखी थांबेना. आई म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, आता तर घरात सगळे ठीक आहे.’ मुलाला एकट्याला विचारल्यावर कळले की तो रोज रात्री वडील येईपर्यंत जागा राहून दारातच त्यांच्या तोंडाचा वास घेत असे. पुन्हा सुरू झाली तर ती आपल्याकडून पहारा चुकल्यामुळे, अशी त्याची समजूत होती. मी आईला म्हटले, ‘ताई, याला औषध नको, याची ड्यूटी उतरवा.’ वडिलांनीच त्याला सांगितले की माझी दारू तुझ्यामुळे लागली नाही आणि ती सांभाळण्याचे काम तुझे नाही, माझे आणि माझ्या गटाचे आहे. हे शब्द त्यांना गटातच सापडले होते. मध्ये एकदा ते घसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठकीला बसले. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदा वाढली म्हणून आपण त्याचा उपचार थांबवीत नाही, तोच न्याय येथे.

माझ्या टेबलावर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी एक छोटी चिठ्ठी असते. मागावी लागू नये म्हणून ती फाइलमध्ये आपोआप जाते. तीवर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली आणि मराठीतही बोलता येणारी टेलिमानस १४४१६, आणि तंबाखू-गुटख्यासाठी १८००-११-२३५६ हे क्रमांक आहेत. खाली एका मराठी बैठकीची वेळ पेनने लिहिलेली असते, कारण ती बदलते. आपल्या मंडळातील ज्या सभासदांना अशी चिठ्ठी हवी असेल, त्यांनी ती अवश्य मागून घ्यावी.