रात्री तीन वाजता, एका हाताने
पडद्यावरचा दवाखाना : भाग ६

गेल्या आठवड्यात व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलण्याचं पाहिलं. आज विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या एखाद्या चाळीत जाऊ. तिथल्या एखाद्या सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं. शेक, धुरी, अळिवाची खीर, सगळं यथासांग. सव्वा महिन्याने, फार तर तीन महिन्यांनी, ती बाळाला घेऊन इथे परतते. नवरा सकाळी लोकल पकडतो तो रात्रीच उगवतो. एकटेपण खरं इथून सुरू होतं. बाळंतिणीच्या मनासाठी मोबाइलवर द्यायची मदत सव्वा महिन्याला आटोपली, तर ती नेमकी नको तेव्हा आटोपली म्हणायची.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं पुष्कळजणींना होतं. ते दोन आठवड्यांत ओसरतं. न ओसरलेलं दुखणं वेगळं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या गोव्यातल्या अभ्यासात (२००२) सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणं आपल्या ओळखीचीच.

परवा भाचीच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन मी बाळंतिणीच्या मनाची विचारपूस करणारा एक अर्ज मोबाइलवर भरून पाहिला. उजवा हात बाळाच्या मानेखाली अडकलेला. डाव्या अंगठ्याला वरच्या कोपऱ्यातलं ‘पुढे’ काही पोचेना. नाव, ई-मेल, पासवर्ड, मग ओटीपी. ओटीपी येईतो पडद्याच्या उजेडाने बाळ जागं झालं. आणि नंबर नवऱ्याच्या नावावर असेल, तर तो ओटीपी त्याच्या खिशात, चर्चगेटला! बटणं खाली आणि मोठी, पडदा काळसर, नाव-गाव न विचारता सुरुवात: एवढं केलं तरी निम्मं काम होईल.

दुसरी अडचण शब्दांची. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ याला कुणीही ‘नाही’च म्हणेल. एडिंबरोच्या १९८७ सालच्या दहा प्रश्नांच्या मापनपट्टीत हे असं थेट विचारलेलंच नाही. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, झोप लागली का, असं विचारलं आहे. आपल्याकडे बाई म्हणते, ‘जेवण गोड लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘बाळाला घ्यावंसंच वाटत नाही’. बटणांवर हेच शब्द असावेत. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. बाकीचे गुण कितीही कमी असोत, तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही निवडलं गेलं, तर त्याच क्षणी माणूस बोलायला हवा. तिथे नुसता गुणांचा आकडा आणि ‘धन्यवाद’ दाखवणं हा मला तरी गुन्हाच वाटतो.

माणूस आहेही. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो. पण एका खोलीच्या घरात, पडद्यापलीकडे सासूबाई असताना ती बोलणार काय आणि कशी? म्हणून लिहून बोलायची सोय हवी, किंवा वेळ तिने ठरवायची. ‘आरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’मध्ये गरोदर बायकांना ध्वनिमुद्रित माहितीचे फोन जात, ते त्यांनीच निवडलेल्या वेळेला. सासूबाई भाजीला गेल्या की दुपारचा अर्धा तास मिळतो, तो तिलाच ठाऊक. वर झळकणाऱ्या सूचनेत ‘मानसिक’ हा शब्द नको. ‘तुमच्यासाठी निरोप’ पुरे.

पुढची पायरी दारावरची. गोव्यात ‘संगत’ संस्थेने वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्य असलेल्या गरोदर बायकांकडे पाठवलं. भेटी बाळंतपणानंतरही चालू राहिल्या. सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण त्या गटात जास्त निघालं (२०१९). नवी माणसं कुठून आणायची, असं विचारायचं कारण नाही. बाळासाठी आशाताईंच्या फेऱ्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा फेऱ्या ठरलेल्या आहेत. तिसऱ्या महिन्यातली फेरी माहेरहून परतल्यावरच्या दिवसांतच येते. आशाताई बाळाचं वजन विचारतात, लस विचारतात. त्यांच्या मोबाइलवर त्याखाली आणखी एक ओळ हवी: ‘आणि तुला गं, झोप लागते का?’