उपाशी मुळाची हाक

टारफुला उसाच्या किंवा ज्वारीच्या रानात दिसला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. दिसायला नाजूक, पण वागणं उघड दरोडेखोरीचं. याची मुळं पिकाच्या मुळांत घुसून पाणी आणि अन्न ओढून घेतात. निपाणी-कागल पट्ट्यात तंबाखूच्या बुडख्याशी उगवणारा बंबाखू हा त्याचाच भाऊबंद. या दोघांचं धुळीसारखं बारीक बी मातीत वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं आणि यजमान पिकाचं मूळ अगदी जवळ आलं की जागं होतं. त्याला पत्ता लागतो कसा? १९६६ साली अमेरिकी संशोधकांनी कापसाच्या मुळांतून पाझरणारं एक द्रव्य वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं ‘स्ट्रायगॉल’. टारफुल्याचं शास्त्रीय नाव ‘स्ट्रायगा’, त्यावरून.

कोडं मात्र सुटलं नव्हतं. स्वतःच्या मारेकऱ्याला आवतण देणारं द्रव्य कुठलं झाड मुद्दाम कशाला तयार करील? जवळजवळ चाळीस वर्षं हा प्रश्न तसाच पडून होता. २००५ मध्ये जपानच्या कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही हाक मुळात टारफुल्यासाठी नाहीच. ती आहे मातीतल्या एका बुरशीसाठी. हे द्रव्य मिळालं की त्या बुरशीचे तंतू भराभर फुटतात आणि मुळाकडे वळतात. टारफुला आणि बंबाखू हे चोरून ऐकणारे. आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढच्या अभ्यासांत दिसली: झाड स्फुरदासाठी उपाशी असलं की ही हाक जोरात जाते, पोट भरलेलं असलं की जवळजवळ बंद होते.

औषधी वनस्पतींच्या लागवडीत मायकोरायझा (मुळाशी नातं जोडणारी हीच बुरशी) वापरायचा म्हणजे काय, याचं बरंचसं उत्तर या एका गोष्टीत आहे.

मायकोरायझाला आपल्याकडचे शेतकरी आणि कृषी सेवा केंद्रवाले जुन्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘व्हॅम’ म्हणतात. हे नातं शास्त्राच्या दप्तरी आलं ते जर्मनीत. आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे ट्रफल नावाच्या महागड्या अळिंबीची लागवड करता येईल का, हे पाहण्याचं सरकारी काम होतं. ट्रफल काही हाती लागली नाही, पण झाडांची मुळं आणि बुरशी एकमेकांत गुंतून जगतात हे त्यांना दिसलं आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याला मायकोरायझा हे नाव दिलं. नातं अर्थातच फार जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, जेव्हा झाडांना धड मुळंही नव्हती, तेव्हाच्या वनस्पतींच्या पेशींत ही बुरशी सापडते.

तिचे धागे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. ते मुळाच्या पेशीत शिरून झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी करतात आणि तिथेच देवघेव चालते. झाड साखर आणि स्निग्ध द्रव्यं देतं, बुरशी स्फुरद, जस्त आणि तांबं आणून देते. स्फुरदच का? कारण नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं, स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतं. मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद संपला की मुळाला हात चोळत बसावं लागतं. बुरशीचे धागे मात्र त्या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे, कित्येक सेंटिमीटर दूर जातात.

इथे कोल्हापूर जिल्ह्याचा भूगोल मध्ये येतो. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळकडे जेमतेम ५००-६००. पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभ्याची तांबडी, आंबट माती. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला असं पकडून ठेवतं की खत टाकलं तरी त्यातला मोठा भाग पिकाच्या हाती लागत नाही. पूर्वेला पंचगंगा-कृष्णेच्या काठची काळी कसदार जमीन. तिथे चुना स्फुरदाला धरतो, आणि उसाच्या लागणीला वर्षानुवर्षं ओतलेल्या डीएपीचा साठाही असतो. एकच मायकोरायझाचं पाकीट आजऱ्याच्या डोंगरउतारावर आणि शिरोळच्या मळईत सारखंच काम करील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

औषधी पिकांपैकी अश्वगंधेवर या बुरश्यांचा अभ्यास बऱ्यापैकी झाला आहे, आणि त्यातल्या एका प्रयोगाला महाराष्ट्राचा हात लागलेला आहे. राजस्थानच्या थर वाळवंटात झुडपांच्या मुळांपाशी अजित वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक बुरशी सापडली. १९९८ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका हे तिचं तेव्हाचं नाव, आता तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात. खरी व्हॅम बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, ही मात्र प्रयोगशाळेतल्या चंबूतही वाढते. त्यामुळे संशोधक तिच्यावर खूश. अमरावती विद्यापीठातले महेंद्र राय यांनी वर्मांच्या गटाबरोबर ती अश्वगंधा आणि अक्कलकाढ्याच्या एका जातीवर थेट शेतात वापरून पाहिली. २००१ मध्ये आलेल्या त्या अहवालात दोन्ही पिकांची वाढ बुरशी दिलेल्या रोपांत स्पष्टपणे सरस होती.

पण औषधी पिकात नुसती वाढ मोजून भागत नाही. ऊस वजनावर जातो, ज्वारी वजनावर जाते. अश्वगंधेच्या मुळात विथॅनोलाइड किती, शतावरीच्या मुळात शतावरिन किती, यावर औषध ठरतं. नत्राचा मारा करून लठ्ठ केलेलं मूळ तराजूत चांगलं दिसतं, औषधाच्या दृष्टीने ते पाणचट असू शकतं. म्हणून दिल्ली विद्यापीठातल्या रूपम कपूर आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी हिवतापावरच्या औषधासाठी लागणाऱ्या आर्टेमिसिया या झाडावर मायकोरायझा आणि स्फुरद दोन्ही तपासले. बुरशी दिलेल्या झाडांत आर्टेमिसिनिन या औषधी द्रव्याचं प्रमाण वाढलं, आणि पानावरच्या ज्या सूक्ष्म ग्रंथींत ते साठतं त्या ग्रंथीही दाट झाल्या. म्हणजे बुरशीचा परिणाम मुळापुरता राहत नाही. मुळात पाहुणी आली आहे याची दखल झाडाचं सगळं रसायन घेतं. टर्पिन गटातली द्रव्यं तयार करणारी यंत्रणा अशा वेळी अनेकदा जोर धरते. अनेकदा, नेहमी नाही. बुरशीची जात बदलली, झाडाचा वाण बदलला किंवा माती बदलली की आकडे उलटेही येतात. पाकिटावर ‘औषधी गुण वाढतात’ असं छापलेलं असलं तरी तुमच्या शेतात काय झालं ते प्रयोगशाळेत मूळ तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरी अडचण बाजाराची. नीमचच्या मंडईत असो वा आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात, व्यापारी मूळ हातात घेतो, मोडतो, जाडी आणि रंग बघतो. विथॅनोलाइडचा टक्का विचारणारा खरेदीदार फक्त अर्क काढणाऱ्या कारखान्यांचा. तो मिळाला तर बुरशी आणि तपासणी या दोन्हींचा खर्च निघतो. नाही मिळाला तर गुणवत्ता वाढवल्याचं समाधान तेवढं पदरात. सफेद मुसळीच्या लाटेत महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांनी बेणं सोन्याच्या भावात घेतलं आणि माल घ्यायला कोणी आलं नाही, ते फार जुनं झालेलं नाही. औषधी पिकात खरेदीदार आधी, रोप नंतर, आणि मायकोरायझा त्याच्याही नंतर, हा क्रम मी कुणालाही सांगेन.

पश्चिम घाटातल्या आपल्या झाडांपैकी ज्याच्यासाठी हे सगळं करायला हवं ते माझ्या मते नरक्या. आंबा घाट, राधानगरी, चंदगड, आंबोली या जंगलांत सापडणारं हे लहानसं झाड. फुलांना घाण वास, म्हणून जुन्या शास्त्रीय नावातही दुर्गंधीचा उल्लेख. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य शोधलं. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा. हेच द्रव्य नरक्यात आहे हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. १९९६ मध्ये त्याच्यापासून बनलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सह्याद्रीतल्या एका दुर्लक्षित झाडाच्या लाकडाला भाव आला. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. चोरटी तोड झाली, झाडं मुळासकट गेली.

नरक्याची आणखी एक बुरशीकथा आहे. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी या झाडाच्या आत राहणाऱ्या एका बुरशीपासून कॅम्प्टोथेसिन मिळवल्याचं जाहीर केलं. झाड न तोडता बुरशी टाकीत वाढवून औषध काढायचं, असं स्वप्न होतं. पुढे मात्र दिसलं की झाडाबाहेर पुनःपुन्हा वाढवली की अशा बुरश्यांची ही करामत ओसरत जाते. तेव्हा औषध हवं तर झाड हवं, आणि झाड जंगलातून न्यायचं नसेल तर ते रोपवाटिकेतच वाढवायला हवं. जांभ्याच्या मातीत, पिशवीतल्या रोपाला बुरशीची जोड देऊन मग उतारावर लावणं ही जागा मायकोरायझासाठी जणू मुद्दाम घडवलेली आहे. माती भुकेली, झाड सावकाश वाढणारं आणि पुढे खत घालायला कोणी जाणार नाही.

म्हणून वापरायचं ते रोपवाटिकेत. उभ्या पिकाला आळवणीतून व्हॅम देणारे पुष्कळ आहेत, पण मूळ कोवळं असताना, बी किंवा कलम लावतानाच बुरशी त्याच्या वाटेत असली पाहिजे. पिशवीतल्या रोपाला ५ ते १० ग्रॅम, गादीवाफ्यावर चौरस मीटरला १०० ग्रॅम, बियाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर, असं तामिळनाडू कृषी विद्यापीठ सांगतं. बुरशी घरी वाढवण्याची त्यांची पद्धत तर कुठल्याही बचत गटाला जमण्यासारखी आहे. एक मीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खड्ड्याला काळं प्लास्टिक लावायचं. ५० किलो वर्मिक्युलाइटमध्ये ५ किलो निर्जंतुक माती मिसळून भरायची, वरच्या थरात एक किलो शुद्ध मायकोरायझा मिसळायचा आणि मका पेरायचा. खत ग्रॅममध्ये मोजून. साठ दिवसांनी मका कापायचा आणि मुळांसकट सगळं मिश्रण बारीक करून घ्यायचं. एवढ्या खड्ड्यातून ५५ किलो, म्हणजे साडेपाचशे चौरस मीटर गादीवाफ्यापुरतं मिश्रण निघतं. गोवा विद्यापीठात बर्नार्ड रॉड्रिग्ज यांच्या गटाने घाटातल्या औषधी वनस्पतींच्या मुळांपाशी राहणाऱ्या जातींचा अभ्यास आणि संग्रह केला आहे. परक्या बुरशीपेक्षा शेजारची बुरशी वापरायची इच्छा असेल तर ती वाट कोल्हापूरहून फार लांब नाही.

आता खताचं. बुरशी दिली आणि सोबत उसाच्या सवयीने डीएपीचा डोस टाकला, तर भरल्या पंगतीत वाढप्याला कोणी विचारत नाही तसं होतं. मूळ हाक मारत नाही, बुरशी आत शिरत नाही. वर फुकट साखर खाणारी पाहुणी म्हणून तिचा थोडाफार भारही पडू शकतो. म्हणून आधी माती तपासणी. अहवालात स्फुरद ‘जास्त’ असेल तर मायकोरायझाचे पैसे वाचवा. ‘कमी’ असेल तर थोडा स्फुरद द्यायचा, पण हळूहळू सुटणारा. आंबट तांबड्या मातीत रॉक फॉस्फेट चांगलं लागू पडतं, कारण मातीतलं आम्लच त्याला सावकाश विरघळवतं. काळ्या चुनखडी रानात त्याचा उपयोग नाही. नत्र शेणखतातून आणि तागासारख्या हिरवळीच्या पिकातून बेताने. फेरपालटीत काय होतं तेही महत्त्वाचं. मोहरीच्या कुळातली पिकं या बुरशीला घरात घेतच नाहीत. अळीव हे औषधी पीक त्याच कुळातलं, तेव्हा अळिवाला व्हॅम देणं म्हणजे मातीत पैसे टाकणं. वारंवार खोल नांगरट केली की मातीतलं धाग्यांचं जाळं तुटतं, हेही लक्षात ठेवायचं.

बाजारातलं पाकीट घेताना त्यावर दर ग्रॅममागे किती जिवंत बीजाणू-घटक आहेत, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख हे बघायचं. जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली येतात, तेव्हा ही माहिती मागण्याचा हक्क आहे. आणि पाकिटापेक्षा भरवशाचा पुरावा मुळात असतो. १९९८ मध्ये फिअरहायलिग आणि सहकाऱ्यांनी एक इतकी स्वस्त पद्धत प्रसिद्ध केली की ती वाचून हसू आलं होतं. बारीक मुळं धुऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उकळायची, म्हणजे ती पारदर्शक होतात. मग साध्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के फाउंटन पेनची शाई मिसळायची आणि त्यात मुळं तीन मिनिटं उकळायची. वर पाण्यात धुतली की मूळ फिकं राहतं आणि बुरशी शाईच्या रंगात उठून दिसते. सूक्ष्मदर्शक गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंत कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात असतो, शाई-व्हिनेगरही असतं. रोपं लावल्यावर सहा-आठ आठवड्यांनी बुरशी दिलेली आणि न दिलेली, अशा दोन्ही रोपांची चिमूटभर मुळं तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागात नेऊन दाखवावीत. न दिलेल्या रोपांतही तेवढीच निळी नक्षी दिसली, तर तुमच्या मातीत ती बुरशी आधीपासून होतीच. दुसरं पाकीट घेऊ नका.