शाळेची सहल आणि तिची शिदोरी

शाळेची सहल ठरली म्हणजे मुलांच्या घरीं काय होतें, हें मीं सांगावयास नको. आदल्या रात्रीं झोप येत नाहीं. एरवीं दहा हांका मारल्याखेरीज न उठणारा मुलगा त्या दिवशीं सर्वांच्या आधीं अंघोळ करून दारांत उभा असतो. हा उत्साह म्हणजे शिक्षकाच्या हातीं आपोआप आलेलें केवढें भांडवल! पण त्याचा विनियोग आपण कसा करतों? एका दिवसांत सात स्थळें, प्रत्येक स्थळीं वीस मिनिटें, दुपारीं घाईचें जेवण, आणि रात्रीं पेंगुळलेलीं मुलें पालकांच्या स्वाधीन. दुसऱ्या दिवशीं फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला जातो, ‘आमची सहल’.

मीं नेलेल्या पहिल्या सहलीनंतर एका मुलानें लिहिलेला निबंध मला अजून आठवतो. त्यांत गाडीचें, भेळीचें आणि खिडकीजवळच्या जागेवरून झालेल्या भांडणाचें वर्णन फार सुरेख होतें. आम्हीं पाहिलेल्या सात स्थळांपैकीं एकाचेंही नांव मात्र त्यांत नव्हतें. चूक त्या मुलाची नव्हती. आम्हीं त्याला पुष्कळ दाखविलें होतें. पण काय शोधावयाचें, हें सांगितलें नव्हतें.

आज मला पांचवी ते आठवीच्या मुलांच्या सहलीविषयीं बोलावयाचें आहे. हें वय मोठें चमत्कारिक. मूल आतां बोट धरून चालत नाहीं, आणि अजून एकटें सोडतांही येत नाहीं. ‘हें काय?’ असें विचारण्याचे दिवस सरून ‘हें असें कां?’ असें विचारण्याचे दिवस आलेले असतात. अशा मुलांच्या सहलीचें मोल अंतरावर किंवा स्थळांच्या संख्येवर नसतें; बरोबर नेलेल्या प्रश्नावर असतें. ज्याचें उत्तर पुस्तकांत मिळतें, त्यासाठीं गाडी ठरविण्याचें कारण नाहीं. ज्याचें उत्तर त्या जागीं उभें राहिल्याशिवाय नीट उमगत नाहीं, तोच सहलीचा प्रश्न. हें मी रत्नागिरीच्या उदाहरणांनीं स्पष्ट करतों.

रत्नागिरी शहरांत थिबा राजाचा राजवाडा आहे. पुष्कळ सहली तेथें जातात, तांबड्या भिंती व कमानी पाहतात आणि बाहेर पडतात. त्याऐवजीं निघण्यापूर्वीं वर्गांत नकाशा मांडावा आणि एवढेंच सांगावें: ब्रह्मदेशचा राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें आणि पुढच्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. हा वाडा त्याच्यासाठीं १९१० च्या सुमारास बांधून झाला, आणि १९१६ सालीं तो येथेंच वारला. आतां प्रश्न असा, कीं एवढ्या मोठ्या देशांत राजाला ठेवावयास हेंच गांव कां निवडलें असावें?

वाड्याच्या उंचीवर उभें राहून मूल पश्चिमेकडे पाहतें, तों समुद्र. हातांतील नकाशांत पूर्वेस पाहतें, तों सह्याद्रीची रांग. आगगाडी त्या काळीं येथें नव्हती. कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली ती १९९८ सालीं. आणि पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे जलमार्गही बंद. मुलाच्या ध्यानांत येतें, कीं राजाच्या तुरुंगाला तट बांधण्याची गरजच नव्हती; गांवाच्या भूगोलानेंच तो बांधून ठेविला होता. मग शिक्षकानें एकच गोष्ट जोडावी. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा यास याच इंग्रजांनीं १८५८ सालीं रंगूनला धाडलें, आणि १८६२ सालीं तो तेथें मरण पावला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशांत आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरींत! साम्राज्य म्हणजे काय, हें व्याख्येपेक्षां या एका अदलाबदलीनें मुलाला अधिक कळतें.

तेथून समुद्रावर जावें. रत्नागिरींत मांडवीकडच्या समुद्रास काळा समुद्र म्हणतात आणि पलीकडच्यास पांढरा समुद्र. पाणी तर एकच. मग नांवें दोन कां? मुलांना प्रत्येकीं एक लहानसा लोहचुंबक द्यावा, आणि तो कागदांत गुंडाळून काळ्या वाळूंतून फिरवावयास सांगावें. कागदाला बारीक काळे कण मिशांसारखे चिकटून उभे राहतात. नांव पाण्याचें नसून वाळूचें आहे, आणि वाळूचा काळेपणा लोखंडाच्या खनिजांचा आहे, हें मुलें आपणच सांगूं लागतात. या वाळूंत लोखंड व टिटॅनियम यांचें इल्मेनाइट नांवाचें खनिज सांपडतें, हें नांव शिक्षकानें त्यानंतर सांगावें. आधीं सांगूं नये.

लोखंडाचा हाच धागा धरून मुलांना सड्यावर न्यावें. डोंगरमाथ्यावरील उघड्या कातळाच्या पठाराला आपण सडा म्हणतों, आणि तो कातळ म्हणजे जांभा. लक्षावधि वर्षांच्या ऊनपावसानें मूळच्या काळ्या खडकांतील चुन्यासारखीं द्रव्यें विरघळून वाहून गेलीं. लोखंड व ॲल्युमिनियम यांचे गंजलेले अंश मागें राहिले. म्हणून जांभा तांबडा. येथें आजही वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण हा आंकडा मुलाला कसा कळणार? शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून तीन मीटरांवर खडूनें रेघ मारावी आणि सांगावें, कीं एका पावसाळ्याचें पाणी कोठेंही न वाहतां साठलें असतें, तर तें या रेघेच्याही वर गेलें असतें. आणि ती भिंत जांभ्याच्याच चिऱ्यांची असली, तर धडा पुरा झाला.

याच सड्यावर हजारों वर्षांपूर्वींच्या माणसांनीं कोरलेलीं चित्रें आहेत. या कातळशिल्पांचा समावेश २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादींत झाला. राजापूर तालुक्यांतील कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या आकृतींत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. हात पसरून एकमेकांचे हात धरलेलीं बारा-तेरा मुलें कडेनें उभीं राहिलीं, म्हणजे त्याची लांबी भरते. येथें प्रश्न असा घालावा, कीं जमिनीवर बसून कोरणाऱ्याला एवढी आकृति एका दृष्टीक्षेपांत दिसत नव्हती, तर त्यानें तिचें प्रमाण कसें राखलें असेल? उत्तर लगेच मागूं नये. शाळेंत परत आल्यावर अंगणांत दोरी व खुंट्या देऊन मुलांना वहींतला लहान हत्ती दहापट मोठा काढावयास सांगावें. दोन फसलेल्या हत्तींनंतर त्यांना त्या अज्ञात कलावंताविषयीं जो आदर वाटूं लागतो, तो व्याख्यानानें उत्पन्न होत नाहीं.

त्याच तालुक्यांत देवाचें गोठणें येथें सड्यावर एक मानवाकृति आहे. तेथें होकायंत्र ठेविलें, तर सुई आपली दिशा सोडते. काळ्या वाळूंत लोहचुंबक फिरविलेल्या मुलाला जांभ्यांतील लोखंडाची आठवण करून द्यावी लागत नाहीं. सुई किती वळते व कोठें वळते, हें त्यानें दहा ठिकाणीं ठेवून वहींत टिपावें. मात्र एक शिस्त येथें कडक हवी. कोरलेल्या रेघांवर पाय ठेवावयाचा नाहीं, आणि त्या उठून दिसाव्या म्हणून त्यांत खडू भरावयाचा नाहीं. उक्षी गांवच्या लोकांनीं आपल्या शिवारांतील कोरीव हत्तीभोंवतीं दगडी कठडा घालून त्याचें रक्षण केलें आहे. तो कठडाही मुलांना दाखवावा. तोही पाहण्यासारखाच आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी मुख्यतः हें भाषण करीत आहें, तिकडे वळतों. मी नवा शिक्षक असतांना तीस-पस्तीस मुलांना घेऊन सकाळीं नऊच्या सुमारास एका खडकाळ किनाऱ्यावर उतरलों होतों. खळग्यांतले खेकडे आणि मासे पाहण्यांत मुलें रंगलीं, मीही रंगलों. कांहीं वेळानें मागें पाहतों, तों आम्ही आलों त्या वाटेवर पाणी! पुढच्या खडकावर गेलेलीं दोन मुलें अलग पडलीं होतीं. जाळें दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध खारव्यानें तें पाहिलें. तो कंबरभर पाण्यांतून गेला आणि एकेका मुलाला खांद्यावर घेऊन आला. मग त्यानें मला विचारलें,

“गुरुजी, आज तिथ कोणची?”

“पौर्णिमा,” मी म्हणालों.

“पोरांना पाऊणकी शिकवतां ना? मग पंधरा पाऊणे किती?”

“सव्वाअकरा.”

“म्हणजे सव्वाअकराला भरती पुरी व्हायची, त्यांत उधाणाची. आणि तुम्ही नवाला पोरांना खडपांत उतरवलींत?”

त्याच्या आवाजांत राग नव्हता, म्हणूनच तें शब्द अधिक लागले. आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. पंचमीला पांच पाऊणे पावणेचार. अष्टमीला आठ पाऊणे सहा. भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी पुरी होते. चंद्र रोज थोडा पुढें सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारें पाऊण तासानें मागें पडते. हिशेबाचें मर्म तें एवढेंच. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेंत येते आणि भरती फुगते, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास ती मंदावते, तो भांग. हा अर्थात् अदमास आहे. छापील वेळापत्रक पाहावेंच. परंतु पंचमीच्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास ओहोटी पुरी होईल, म्हणून आठाला उतरावें आणि दहाला सर्वांनीं वर यावें, हें सातवींतल्या मुलाला स्वतः काढतां येतें. त्यानें तें काढलें, म्हणजे ‘चला, वर या’ ही शिक्षकाची हांक हुकूम वाटत नाहीं. त्याच्याच गणिताचें उत्तर वाटतें.

त्या दिवशीं मला नशिबानें सांवरलें. नशीब नेहमीं सांवरत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ या दिवशीं रायगड जिल्ह्यांतील मुरुडच्या समुद्रांत सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. आणि तीं तर आपल्या मुलांपेक्षां मोठीं होतीं. असें कांहीं घडलें, कीं पालक म्हणतात, सहलच नको. त्यांचें भय मी हलकें मानीत नाहीं. परंतु किनाऱ्यावरच्या मुलाला समुद्र न दाखविल्यानें तें सुरक्षित होत नाहीं. केवळ अजाण राहतें, आणि पुढें कधींतरी शिक्षकावांचून त्याच पाण्यांत उतरतें. म्हणून सहल बंद करूं नये. तिची व्यवस्था सुधारावी. दर दहा मुलांमागें एक मोठें माणूस असावें आणि त्याच्या हातीं त्या दहांचींच यादी असावी. गाडींतून उतरतांना व चढतांना नांवें घेऊन मोजणी व्हावी. समुद्रस्नान कार्यक्रमांत असूं नये. रांगेच्या शेवटीं नेहमीं एक शिक्षक असावा. आणि शिक्षकानें आठवडाभर आधीं, त्याच वेळीं, ती जागा स्वतः पाहून यावी.

राहिला प्रश्न खर्चाचा. अलीकडच्या वर्षांत रत्नागिरी जिल्हा परिषदेनें आपल्या शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन निवडक मुलांना इस्रो आणि अमेरिकेंतील नासा या संस्था दाखविल्या. खेड्यांतल्या शाळेंतील मुलानें इतक्या दूर जावें, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण अशा सहलीला मोजकींच मुलें जाणार. उरलेल्या मुलांचें काय? प्रत्येक वर्गांत एखादें मूल असतें, जें वर्गणीचा दिवस आला कीं म्हणतें, “मला बरें नाहीं, मी येणार नाहीं.” तें आजारी नसतें, त्याला घरची स्थिति ठाऊक असते. एस. टी. च्या गाडीनें जाऊन भाकरीच्या शिदोरीवर होणारी जवळची सहल या मुलालाही नेते. वर्गांतला एकही मुलगा किंवा मुलगी मागें राहिली नाहीं, तरच ती शाळेची सहल. नाहीं तर ती ज्यांना परवडतें त्यांची सहल.

तेव्हां सहलीची शिदोरी मोठी नाहीं. एक लोहचुंबक, एक होकायंत्र, एक दोरी, प्रत्येकाची वही, आणि नांवांची यादी. पुढच्या सहलीच्या आधीं फळ्यावर स्थळांची लांबलचक यादी लिहिण्याऐवजीं एकच प्रश्न लिहून पाहा. आणि समुद्राकडे जावयाचें असेल, तर दिवस ठरविण्यापूर्वीं पंचांग उघडा आणि मुलांना विचारा, “त्या दिवशीं तिथि कोणती?”