विश्लेषण : फक्त फरशी बदलली तरी पालिकेची नोटीस? घरदुरुस्तीच्या वादात काय करायचे?

मुंबईत घराचे काम काढले की चार दिवसांत कोणाची तरी तक्रार वॉर्ड ऑफिसात पोहोचते आणि पालिकेचा अभियंता दारात उभा राहतो. कंत्राटदार सांगतो, 'फक्त टाइल्स बदलतोय'. अभियंता म्हणतो, 'परवानगी दाखवा'. आवाज चढतात. पण या वादाचा निकाल दारात लागत नाही, कागदावर लागतो.

परवानगी कशाला लागत नाही?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार किरकोळ दुरुस्तीसाठी (टेनंटेबल रिपेअर्स) पालिकेला आधी कळवावे लागत नाही. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेची फिटिंग ही कामे त्यात येतात. भार पेलणारी भिंत काढणे, पोटमाळा घालणे, जमिनीची पातळी खाली नेणे येत नाही.

खरा घोळ होतो तो स्वयंपाकघर आणि हॉलमधल्या चार इंची भिंतीवर. 'ती कुठे लोड घेते?' हा मुद्दा आरसीसी इमारतीत बहुधा बरोबर असतो. पण भिंत पाडणे सवलतीच्या यादीतच नाही. इथे अभियंत्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरमार्फत आधी रीतसर प्रस्ताव देणे हाच मार्ग.

नोटीस हातात पडली तर?

आधी कलम पाहावे. ३५४अ असेल तर काम तत्काळ थांबवायचे. २४ तासांत परवानगी दाखवली नाही, तर पुढची नोटीस न देताही पालिका बांधकाम पाडू शकते. काम सवलतीच्या यादीतले असेल, तर तसे लेखी उत्तर याच मुदतीत द्यावे. ३५१ असेल तर लेखी खुलाशाला नोटीस मिळाल्यापासून सात दिवस मिळतात. 'साहेबांशी बोलणे झाले आहे' हा खुलासा नव्हे.

उत्तरात काम यादीतल्या कोणत्या प्रकारात बसते ते लिहावे. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, कंत्राटदाराचे बिल, मंजूर नकाशा जोडावा आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागता येतो, पण त्या उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि खुलाशाची सात. म्हणून नकाशा हातोडा पडण्याआधीच घरात असलेला बरा.

'मिटवून टाकू' म्हटले तर?

पैसे दिल्याने नोटीस रद्द होत नाही. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

खुलासा फेटाळला गेला, तर आदेशाची प्रत घेऊन लगेच वकील गाठावा. कलम ५१५अ मुळे या नोटिसांविरुद्ध दिवाणी दाव्याची वाट बरीच अरुंद झाली आहे.