बिनतिकिटाची मैफल

१९३३ साली गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गाण्याच्या ओढीने घर सोडून पळाला. तिकिटाला पैसे नव्हते. डब्यात तो गायचा, प्रवासी खूश होऊन खायला द्यायचे आणि टीसीही कानाडोळा करायचे, असं सांगतात. मुलाचं नाव भीमसेन जोशी!

आता उलटा किस्सा. १२ जानेवारी २००७. वॉशिंग्टनचं मेट्रो स्टेशन, ऑफिसला जायची घाई. टोपी घातलेला एक जण भिंतीशी उभा राहून व्हायोलिन वाजवतोय. ४३ मिनिटांत समोरून १,०९७ माणसं गेली, थांबून ऐकणारी फक्त ७. कमाई बत्तीस डॉलर आणि थोडी चिल्लर. त्याला ओळखणाऱ्या एकीने टाकलेले वीस यात धरलेले नाहीत. वादक होता जोशुआ बेल, हातातलं स्ट्रॅडिव्हेरियस १७१३ सालचं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मुद्दाम केलेला हा प्रयोग, त्यावरच्या लेखाला पुढे पुलित्झर मिळालं. पण खरी गंमत पुढेच आहे. तिथून गेलेल्या प्रत्येक लहान मुलाने थांबायची धडपड केली आणि प्रत्येकाला आईने नाहीतर बापाने ओढत नेलं.

मोठ्यांना तरी किती बोलायचं? सकाळी दादरच्या पुलावर झाकीरभाई जरी तबला घेऊन बसले असते, तरी आपण आधी इंडिकेटरच पाहिला असता. मुंबईकराने यावर तोडगा काढला: गाणंच लोकलमध्ये चढवलं. टाळ वाजवणारी भजनी मंडळं भेटली की एरवी चौथ्या सीटवरून भांडणारेही ठेका धरतात.

सगळेच नाही म्हणा. संगणकाचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यांवरच्या वादकांना इतका वैतागला होता की त्याने व्यत्ययांची यादीच केली. नोंदी १६५! १८६४ मध्ये अशा वादकांना आवर घालणारा कायदा झाला, त्यामागे त्याची ओरडही होती. मग काय, खोडसाळ मंडळी मुद्दाम त्याच्याच दारात वाजवायला लागली. त्याच लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून ऑडिशन घेऊन वादकांना अधिकृत जागा दिल्या जातात.

पॅरिसमध्ये १९३५ साली नाइट क्लबचा एक मालक रस्त्यावर गाणाऱ्या पोरीपाशी थबकला आणि फ्रान्सला एदित पियाफ मिळाली.

मिसिसिपीत कोपऱ्यावर गाणाऱ्या पोरसवदा बी. बी. किंगला हिशेब लवकर कळला. भक्तिगीत गायलं की लोक पाठ थोपटायचे, ब्लूज गायलं की पैसे द्यायचे. तो ब्लूजकडे वळला.

आपल्या वासुदेवाला हा पेच कधी पडलाच नाही. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, भल्या पहाटे दारात हजर. देवाचं नाव घेऊनच तो दान मागतो आणि सुपातलं मूठभर धान्य झोळीत पडलं की ते कुठल्या कुठल्या देवाला पावलं ते सांगतो. पावती तोंडी, तीही सुरात.