मुक्या जिवाचा उपास

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला गेली तीस वर्षे मी एक प्रश्न न चुकता विचारतो : भूक कशी आहे? घरच्या मनीच्या बाबतीत मात्र या प्रश्नाचे गांभीर्य ओळखण्यास मी चार दिवस उशीर केला.

मुलगी शिक्षणासाठी परगावी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मनीने बशीला तोंड लावले नाही. "तिला ताईची आठवण येते आहे," असे घरात सर्वांनी ठरवून टाकले. मीही मान डोलावली. पाचव्या दिवशी ती मांडीवर येऊन बसली, तेव्हा तिच्या कानांच्या आतल्या बाजूला पिवळसर झाक दिसली. माणसाच्या डोळ्यांतील ही झाक मी टेबलापलीकडून ओळखतो! पशुवैद्यांनी तिचे तोंड उघडून मुळाशी सुजलेली एक दाढ दाखवली. रुसवा नव्हताच, तिला चावता येत नव्हते. आणि उपासामुळे यकृतात चरबी साठून कावीळ झाली होती.

मांजराचे शरीर उपासाला बनलेले नाही. अन्न बंद झाले की अंगावरची चरबी यकृताकडे येऊ लागते आणि तिचा निचरा करणे यकृताला जमत नाही. लठ्ठ मांजरांना हा धोका अधिक. म्हणून मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यांशी बोलावे. मोठा कुत्रा खेळत असेल, पाणी पीत असेल, तर एखादा दिवस वाट पाहता येते. लहान पिलांच्या रक्तातील साखर मात्र लवकर उतरते. त्यांच्या बाबतीत थांबू नये.

काही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी निघावे. वारंवार उलटी, रक्तमिश्रित जुलाब, धाप, फिकट किंवा पिवळ्या हिरड्या ही त्यांतील प्रमुख. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्र्याचे खाणे बऱ्याचदा आधी सुटते. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री खाईनाशी झाली आणि पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. बोका लघवीसाठी कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर रात्रही मध्ये जाऊ देऊ नये.

"डॉक्टर, अर्धी पॅरासिटामॉल देऊ का?" असे मला अनेक जण विचारतात. मांजराला ती कदापि देऊ नये. ते औषध निष्प्रभ करण्याची क्षमता त्याच्या शरीरात फारच अल्प असते आणि तेवढी मात्राही प्राण घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सिरिंजने बळेच भरवू नये. घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. भूक चाळवावी म्हणून कांदा-लसणाचा रस्साही घालू नये. दोहोंनाही तो विषारी आहे.

तपासणीत प्राणी निरोगी ठरला, तर प्रश्न बहुधा आपल्या लाडांचा असतो. दिवसभर बिस्किटे मिळाल्यावर जेवण कोण खाईल? कुत्र्यापुढे ठराविक वेळी ताटली ठेवावी आणि वीस मिनिटांनी उचलावी. मांजराला मात्र असे उपाशी ठेवून वळण लावू नये. ते वासावर जेवते. सर्दीने नाक चोंदले तरी खाणे सोडते. त्याचे अन्न किंचित कोमट करून पाहावे. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदलावे.

मनीला तीन आठवडे नळीने अन्न द्यावे लागले. ती वाचली. आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक खूण असते : मनी जेवली. ती खूण करण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.