जुनी बाजाची पेटी घ्यावी कीं न घ्यावी?

घरांतील एखादें मूल गाणें शिकूं लागलें म्हणजे थोड्याच महिन्यांत पेटीचा प्रश्न उभा राहतो. वर्गांत शिकविलेला पलटा घरीं घोकावयाचा, तर आधाराला सूर पाहिजे. नवी पेटी घेण्याइतका पैसा सर्वांच्याच गांठीं असतो असें नाहीं. नेमक्या त्याच वेळीं कोणी तरी सांगतो कीं, अमक्यांच्या माळ्यावर एक जुनी पेटी पडून आहे, "खास जर्मन सुरांची" आहे, आणि थोडक्यांत मिळेल. संसाराच्या खर्चांतून बाजूला टाकलेली रक्कम घेऊन गृहस्थ तेथें जातो, पेटीची चकाकी पाहतो, दोन पट्ट्या दाबतो, आवाज निघाला एवढ्यावर संतुष्ट होतो आणि पेटी रिक्षांत घालून घरीं आणतो.

जुनें टेबल डगमगत असलें तर तें डोळ्यांना दिसतें. पेटीच्या स्वराचा दोष मात्र नवशिक्याला ऐकूं येत नाहीं. तो तर त्याच पेटीवरून स्वर ओळखावयास शिकत असतो. पेटीचा गंधार चढलेला असेल, तर मूल चढलेलाच गंधार खरा मानून गळ्यांत बसवितें. मग वर्गांत गुरुजी टोकतात, मूल हिरमुसतें, आईबापांना वाटतें कीं याला गळाच नाहीं, आणि पाहतां पाहतां शिकणें सुटतें. दोष पेटीचा आणि शिक्षा मुलाला, असा हा प्रकार होतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं अर्धा तास परीक्षेला देणें अवश्य आहे.

वाद्याची रचना समजली कीं ही परीक्षा सोपी होते. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ यानें १८४० सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें वाद्य पायानें भाता मारून वाजवावयाचें होतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास त्याला हातभात्याचें, जमिनीवर बसून वाजवितां येईल असें रूप दिलें. भात्यानें कोंडलेली हवा पट्टी दाबतांच एका छिद्रांतून वाट काढते आणि तेथें बसविलेली पितळेची पातळ जीभ थरथरूं लागते, तोच स्वर. पेटीवाले या जिभेलाच "सूर" म्हणतात. लांकूड, भाता, पट्ट्या, खुंट्या हा सर्व परिवार त्या जिभांच्या सेवेसाठीं असतो.

यावरून एक सोपी विभागणी करतां येते. परिवारांतील दोष बहुधा दुरुस्त होतात. सुरांतील दोष दुरुस्त होतीलच असें नाहीं. भात्याचें कातडें किंवा कापड विरलें तर तें नवें लावतां येतें. पट्ट्या खालींवर झाल्या, स्प्रिंग गंजली, पावसाळ्यांत लांकूड फुगून पट्टी अडकूं लागली, तर कुशल कारागीर थोडक्या खर्चांत तिला ठिकाणावर आणतो. परंतु पितळेच्या जिभा वारंवार खरवडून झिजल्या असतील तर गोष्ट निराळी. जिभेच्या मोकळ्या टोकाकडे खरवडलें कीं स्वर चढतो, आणि मुळाकडे खरवडलें कीं उतरतो; पेटी सुरांत लावण्याची हीच रीत आहे. मात्र प्रत्येक खेपेस थोडें पितळ जातें. फार खरवडलेली जीभ दुबळी होऊन स्वर धरीत नाहीं, आणि एके दिवशीं तुटते. एखादी जीभ बदलतां येते. डझनभर बदलावयाच्या झाल्या तर जुनी पेटी घेण्यांत कांहीं अर्थ उरत नाहीं. सुरांची फळी चिरली असेल किंवा किडीनें पोखरली असेल, तरीहि तोच निर्णय करावा.

आतां परीक्षेचा क्रम. प्रथम वरचें झांकण उघडून आंत पाहावें. उंदरांनीं कुरतडल्याच्या खुणा, लांकडाचा बारीक भुसा, ओलीचे डाग हीं लक्षणें वाईट. मग अखंड वाजणाऱ्या आधारसुराच्या खुंट्या वगळून पुढच्या बाकीच्या खुंट्या बाहेर ओढून, एकहि पट्टी न दाबतां भाता मारावा. पेटी गप्प राहिली पाहिजे. एखादा स्वर आपोआप वाजूं लागला तर त्या पट्टीखालचें छिद्र नीट मिटत नाहीं असें समजावें. हा दोष मोठा नव्हे, पण किंमत करतांना तो सांगावा. त्यानंतर भाता भरून एकच पट्टी दाबून धरावी, आणि एका भात्यांत स्वर किती वेळ टिकतो हें पाहावें. दुकानांतील नव्या पेटीवर हेंच आधीं करून पाहिलेलें असलें म्हणजे तुलना करतां येते.

यापुढें प्रत्येक पट्टी, काळी असो वा पांढरी, अगदीं हळू भात्यावर एकेक करून वाजवावी. जोरानें वाजविल्यावर सर्वच जिभा बोलतात. हळू वाजविल्यावर ज्या बोलत नाहींत किंवा घरघरतात, त्या मोजून ठेवाव्यात. शेवटीं मध्य षड्ज आणि तार षड्ज एकत्र दाबावेत. दोन्ही एकजीव होऊन स्थिर वाजले तर उत्तम. आवाजांत लाटा उठूं लागल्या तर ते जुळलेले नाहींत. एका जिभेचीं सेकंदाला २२० आणि तिच्या जोडीच्या जिभेचीं २२२ आंदोलनें होत असतील, तर सेकंदाला दोन लाटा ऐकूं येतात. हल्लीं मोबाइलवर स्वर मोजण्याचें साधन मिळतें, त्याचीहि मदत घ्यावी. पण गुरुजींना किंवा एखाद्या जाणत्या भजनकऱ्याला बरोबर नेणें सर्वांत चांगलें. "जर्मन सूर" या शब्दांवर मात्र विसंबूं नये. जर्मनीच्या जिभांचा लौकिक खरा आहे. परंतु नांव जर्मन असलें तरी झीज कोणाला चुकत नाहीं. उलट, गुजराथेंत पालिताणा येथें तयार झालेले साधे सूर चांगल्या स्थितींत असतील, तर नवशिक्याचें काम त्यांवर नीट भागतें.

उत्तम पेटीलाहि एक मर्यादा आहे, ती जाणून असावी. पेटीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर येतो. तंबोऱ्यांतून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ च्या जवळ असतो. शिवाय पेटीवर मींड निघत नाहीं. अशा आक्षेपांमुळेंच १९४० सालीं आकाशवाणीनें आपल्या कार्यक्रमांतून पेटीला बंदी केली होती. ती १९७१ मध्यें सैल झाली. तथापि कीर्तनांत, भजनांत आणि नाट्यगीतांत पेटीचा आधार लोकांनीं कधींच सोडला नाहीं. चांगल्या पेटीचा दोष लहान व सर्वत्र सारखा असतो, आणि तंबोऱ्याच्या साथीनें कान तो सुधारून घेऊं शकतो. नादुरुस्त पेटीचा दोष मात्र प्रत्येक पट्टीला निराळा असतो, आणि त्यापुढें कान गोंधळून जातो.

परीक्षेनंतर हिशेब करावा. मागितलेली किंमत, कारागिरानें सांगितलेला दुरुस्तीचा खर्च आणि नेण्याआणण्याचा खर्च, या तिहींची बेरीज करावी. ती साध्या नव्या पेटीच्या किंमतीजवळ जात असेल, तर नव्या पेटीसाठीं आणखी कांहीं महिने थांबावें. तोंवर मोबाइलवरील तंबोऱ्याच्या सुरांत मुलानें नुसता षड्ज लावीत बसावें. तो काळ फुकट जात नाहीं. बेरीज बरीच कमी असून सूर निरोगी असतील, तर भाता फाटका आहे किंवा रंग उडाला आहे एवढ्यावरून पेटी नाकारूं नये. अशी पेटी चार दिवस कारागिराकडे ठेवावी, आणि ती सुरांत लागून परत आल्यावरच मुलापुढें मांडावी.